चिकटवायची घाई नको! डिझाइनच्या वर्गात कोलाज कसं वापरायचं

डिझाइनच्या वर्गात कोलाज म्हटलं की बहुतेक वेळा काय होतं, तर मुलं छान छान फोटो जमवतात, शीटवर नीट मांडून चिकटवतात, वर एखादा शब्द टाकतात, 'शांतता' किंवा 'वेग' वगैरे, आणि ते शीट प्रोजेक्टच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर जाऊन बसतं. पुढच्या डिझाइनशी त्याचा काडीचा संबंध राहत नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण कोलाज हे विचार करायचं इतकं ताकदीचं साधन आहे आणि आपण त्याचं कव्हर पेज करून टाकतो.

आधी मूडबोर्ड आणि कोलाज यातला फरक स्पष्ट करून घेऊ, कारण वर्गात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने फिरत असतात. मूडबोर्डवर फोटो शेजारी शेजारी बसतात, प्रत्येक फोटो आपापलं सांगतो, सगळे मिळून एक वातावरण दाखवतात. ते उपयोगाचं आहेच, क्लायंटला दिशा दाखवायला तर हवंच. पण कोलाजमध्ये एक तुकडा दुसऱ्याला झाकतो, अर्धवट कापतो, उलटा होऊन त्याच्यावर टेकतो आणि दोन्हीत नसलेलं तिसरंच काहीतरी दिसायला लागतं. आपल्याला ते तिसरं हवंय. आणि ते दिसतं कधी, तर तुकडे अजून सुटे असतात तेव्हा. एकदा चिकटवलं की शोध थांबला आणि सजावट सुरू झाली. त्यामुळे खाली जे काही सांगतेय ते सगळं हा सुट्या तुकड्यांचा वेळ कसा लांबवायचा आणि त्यातून डिझाइनपर्यंत कसं पोचायचं, एवढ्याचसाठी आहे.

ब्रीफ कसं द्यायचं

इथेच अर्धं काम होतं किंवा बिघडतं. 'खुर्चीवर कोलाज करा' म्हटलं की सगळा वर्ग खुर्च्यांचे फोटो कापणार, हे ठरलेलं. म्हणून ब्रीफ, म्हणजे मुलांना द्यायचं काम, वस्तूच्या नावाने देऊच नका, क्रियेच्या नावाने द्या. खुर्ची नाही तर 'टेकणं'. दिवा नाही तर 'अंधारात वाट सापडणं'. पिशवी नाही तर 'सोबत नेणं'. आणि एक कडक नियम घाला, जी वस्तू शेवटी डिझाइन करायची आहे तिचा किंवा तिच्या भावंडांचा एकही फोटो कोलाजमध्ये येता कामा नये.

मुलं कुरकुर करतात, की रेफरन्स बघितला तर काय बिघडलं. बिघडतं. १९९१ मध्ये जॅनसन आणि स्मिथ या दोघांचा डिझाइन फिक्सेशनवरचा, म्हणजे बघितलेल्या नमुन्यातच अडकून पडण्यावरचा, अभ्यास छापून आला, त्यात काही जणांना प्रश्नासोबत एक नमुना डिझाइन दाखवलं आणि काहींना नाही दाखवलं. एक प्रश्न न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाचा होता, त्यात स्ट्रॉ वापरायचा नाही असं स्पष्ट सांगितलेलं होतं, पण नमुन्यात स्ट्रॉ होता, आणि नमुना बघितलेल्यांच्या डिझाइनमध्ये तो जास्त वेळा आला! म्हणजे चूक आहे हे सांगूनसुद्धा डोळ्यांनी बघितलेलं हाताला सोडत नाही. कोलाज या पकडीतून सोडवू शकतं, पण त्यात खुर्च्याच खुर्च्या असतील तर पकड उलट घट्टच होते.

अजून एक प्रकार करून बघण्यासारखा आहे, ब्रीफ नंतर द्यायचं. आधी फक्त 'सहा तुकडे घेऊन तुम्हाला ओढ वाटेल अशी रचना करा' आणि ती झाल्यावर सांगायचं की आता यातून लहान मुलांसाठी वस्तू शोधा, किंवा बसथांबा शोधा. रोनाल्ड फिंक या मानसशास्त्रज्ञाचे साधारण १९९० च्या आसपासचे प्रयोग याच धर्तीचे होते, लोकांना तीन साधे आकार देऊन मनातल्या मनात जोडायला लावायचे आणि तो आकार कशासाठी वापरायचा ते मागाहून सांगायचं. असं केल्यावर जास्त कल्पक गोष्टी निघाल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रकार खूप मानवतो, कारण 'बरोबर उत्तर' शोधायचा ताणच राहत नाही.

तुकडे जमवणं

साहित्य साधं. जुनी मासिकं, वर्तमानपत्रं, कॅटलॉग, जुनी कॅलेंडरं, खराब झालेले प्रिंट, नकाशे, पॅकिंगचे कागद. कात्री, कटर, खाली कटिंग मॅट, मास्किंग टेप, ग्लू स्टिक, ट्रेसिंग पेपर, ए३ शीट. फोनचा कॅमेरा तर लागतोच. एकच काळजी घ्या, मासिकं एकाच विषयाची नकोत. सगळी इंटिरियरची मासिकं आणली तर सगळ्यांची कोलाज दिवाणखान्यासारखीच दिसणार. विज्ञानाचं, खेळाचं, यंत्रांचं, शेतीचं, फॅशनचं, असं सगळं मिसळून टेबलावर टाका.

जमवायला २०-२५ मिनिटं पुरे, आणि या वेळात बोलायचं नाही, कुणाला कारणही विचारायचं नाही. ४०-५० तुकडे तरी झाले पाहिजेत. 'हे का घेतलं' याचं उत्तर नसेल तरी घ्या, उलट उत्तर लगेच तयार असेल तर थोडं थांबा. बल्ब म्हणजे कल्पना, घड्याळ म्हणजे वेळ, कबुतर म्हणजे शांतता, असली चिन्हं हाताला पहिल्यांदा लागतात आणि तिथेच डोकं चालायचं बंद होतं, कारण त्यांचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

निम्मे तुकडे तरी असे हवेत ज्यात ओळखू येईल अशी वस्तूच नाही. नुसता पोत, नुसती सावली, केसांचा एक झुबका, गंजलेला पत्रा, आकाशाचा राखाडी पट्टा, एखाद्या अक्षराचा पोटाकडचा भाग. पूर्ण फोटो कापून घ्यायचा नाही, त्यातला भाग शोधायचा. यासाठी जाड कागदाचे दोन एल आकाराचे तुकडे करा आणि एकमेकांवर सरकवत फोटोवर चौकट फिरवा, चौकट लहान करत गेलं की एका क्षणी वस्तू हरवते आणि फक्त रेषा, वजन, दिशा उरते. तिथे कापा.

कापायचं की फाडायचं हाही निर्णयच आहे, तो सहज घेऊ नका. कात्रीची कड धारदार असते, तुकडा वस्तूसारखा वागतो. फाडलेल्या कागदाला पांढरी कड सुटते, तुकडा हवेसारखा किंवा जमिनीसारखा पसरतो. (स्वतःकडे जोरात ओढत फाडलं तर पांढरी कड कुठल्या बाजूला येते हे मुलांना दोन-चारदा करून बघू द्या, पाच मिनिटांत हात बसतो.)

मांडणं, आणि परत मांडणं

आता मुख्य भाग. शीटवर तुकडे ठेवायचे, चिकटवायचे नाहीत, आणि किमान तीन पूर्ण वेगळ्या रचना करायच्या. प्रत्येक रचना झाली की वरून सरळ फोटो काढायचा आणि सगळं उचलून परत पहिल्यापासून. पहिली रचना जवळजवळ नेहमीच सगळ्यांना सुचेल अशी असते. दुसरीत मुलं वैतागतात. तिसरीत किंवा चौथीत काहीतरी घडतं, आणि ते घडायला मधला वैताग लागतोच, म्हणून तेव्हा शिक्षकाने मदतीला धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मातिस या चित्रकाराचं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते. १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर त्याला उभं राहून काम करणं अवघड झालं, तेव्हा तो मदतनिसांकडून कागद रंगवून घ्यायचा, कात्रीने थेट रंगात आकार कापायचा आणि ते भिंतीवर टाचणीने लावून घ्यायचा. मग बघत राहायचं, हलवायचं, परत बघायचं. टाचणी काढता येते, गोंद काढता येत नाही! वर्गात टाचणीऐवजी मास्किंग टेपची छोटी गुंडाळी करून तुकड्याच्या मागे लावा, तेच काम होतं, आणि शीट उभं धरून लांबून बघता येतं. लांबून बघणं फार महत्त्वाचं, टेबलावर वाकून केलेली रचना उभी केल्यावर वेगळीच दिसते.

मुलं अडकली की 'अजून विचार कर' असं सांगून काही होत नाही, हाताला काम द्या. सगळ्यात मोठा तुकडा काढून टाक. एक तुकडा उलटा कर. एकाच तुकड्याच्या झेरॉक्स काढून तो पाच वेळा वापर. लहान गोष्ट झेरॉक्सवर मोठी करून मोठीच्या शेजारी ठेव. जो तुकडा जास्त आवडलाय तो अर्धा झाक. मापाची उलथापालथ तर कायम काम करते, मुंगीच्या पायाएवढी क्रेन आणि क्रेनएवढं बटण शेजारी आलं की डोकं आपोआप त्यातलं नातं शोधायला लागतं.

माप बदलण्यावरून आठवलं, आर्किटेक्चरच्या मुलांना मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टचं १९४२ चं कॉन्सर्ट हॉलचं कोलाज जरूर दाखवा. त्याने विमानं बनवायच्या एका प्रचंड कारखान्याचा आतला फोटो घेतला आणि त्यावर सपाट पट्टे ठेवले, भिंती आणि छत म्हणून, बास. त्या लोखंडी सांगाड्यात संगीताची जागा तयार झाली. प्लॅन नाही, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) नाही, पण मोठ्या जागेच्या आत सुटी छोटी जागा ही अख्खी कल्पना त्या पट्ट्यांत आहे.

तुकड्यांची संख्या शेवटी सात ते नऊवर आणा. ४०-५० जमवले म्हणून ४०-५० लावायचे नसतात. गर्दी झाली की नाती दिसत नाहीत, नुसता गोंगाट दिसतो. आणि रिकामी जागा ठेवायला शिकवा, बहुतेक मुलांना शीटचा कोपरा मोकळा राहिला की काम अपुरं राहिल्यासारखं वाटतं.

रंग फार भांडत असतील तर सगळ्या रचनेची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढा. रंग गेले की कुठे वजन आहे, नजर कुठून कुठे जाते, लगेच कळतं. वेगवेगळ्या छपाईचे कागद एकजीव होतात, हा वरचा फायदा.

एक कोलाज जवळून बघू

ब्रीफ होतं 'वाट बघणं', आणि शेवटी दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बसायची सोय डिझाइन करायची होती, पण हे मुलांना अजून सांगितलेलं नव्हतं. एका मुलीने घेतलेले तुकडे असे होते, सरकत्या जिन्याचा काळा रबरी कठडा, एक कोपर, तारेवर बसलेला पक्षी, कोटाचं मोठं बटण, फाडलेलं राखाडी आकाश, आणि एका बुटाची फक्त टाच. पहिल्या रचनेत पक्षी मधोमध, मागे आकाश. सगळे म्हणाले एकटेपणा. बरोबरच होतं, पण त्यातून पुढे काही निघेना. दुसरीत तिने पक्षी काढला आणि बटण आणलं, ते नुसतं देखणं झालं. तिसऱ्या रचनेत कठडा तिरका पडला, त्याच्या खालच्या बाजूला कोपर आलं, आणि बुटाची टाच शीटच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेली, जरा उचललेली.

मग वर्गाने वाचायला सुरुवात केली. एक जण म्हणाला, 'यात कुणीच बसलेलं नाहीये.' दुसरी म्हणाली, 'सगळं टेकलंय, पण पूर्ण वजन कुणीच टाकलेलं नाही.' आणि तिथे ती मुलगी एकदम थांबून बघायला लागली. कारण खरंच आहे ना, नाव पुकारलं जाईल म्हणून माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो, नाहीतर भिंतीला टेकून उभा राहतो, टाच उचललेली. तिच्या स्केचमध्ये पुढे खुर्च्यांच्या रांगेच्या टोकाला कमरेच्या उंचीवर एक तिरकी फळी आली आणि कोपर ठेवायला एक आडवा कठडा, अर्धवट टेकायची जागा. कोलाजमधला सरकता जिना कुठेही आला नाही, पक्षीही नाही. तिरकेपणा आणि अर्धं वजन एवढंच आलं.

वाचायचं कसं

हे वाचन आपोआप होत नाही, ते घडवून आणावं लागतं, आणि माझ्या मते बहुतेक वर्गांत नेमकी हीच पायरी गळते. ज्याचं कोलाज आहे त्याने आधी गप्प बसायचं. पूर्ण गप्प, निदान पाच मिनिटं. तो आधी बोलला की बाकीचे त्याचा अर्थच बघतात, कोलाज बघत नाहीत.

बाकीच्यांनी आधी फक्त दिसतंय ते सांगायचं, 'काळा पट्टा वरून डावीकडे उतरतोय' इतकं साधं. 'मला हे आवडलं' नको, 'सुंदर' नको. मग तुकड्यांमधलं नातं क्रियापदाने सांगायचं. दाबतंय, लटकतंय, झाकतंय, टेकतंय, निसटतंय, अडवतंय. क्रियापदावर मी अगदी हट्टाने अडून बसते, कारण विशेषणातून डिझाइन निघत नाही, 'शांत' या शब्दाचं स्केच काय काढणार? पण 'अर्धं झाकतंय' याचं स्केच काढता येतं, झाकण काढता येतं, पडदा काढता येतो, दार काढता येतं. आणि सगळ्यात शेवटी, याचा ब्रीफशी काय संबंध लागतो ते बोलायचं, आणि आता ज्याचं काम आहे त्यानेही बोलायचं.

सोबत कुणीतरी एकाने शब्द लिहून ठेवायचे. पंधरा-वीस क्रियापदं जमतात, त्यातली तीन निवडायची.

मग कोलाजवर ट्रेसिंग पेपर ठेवा. फोटो गिरवायचे नाहीत, फक्त वजन कुठे आहे, दिशा कुठली, कुठे एकमेकांना शिवतंय, कुठे फट आहे, एवढंच चार-सहा रेषांत काढायचं. आता खालचं कोलाज बाजूला काढून ठेवा, नजरेआड. समोर फक्त ट्रेसिंगच्या रेषा आणि तीन क्रियापदं. त्यावरून सहा झटपट स्केचेस, प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. कोलाज समोर राहिलं तर मुलं त्यातले आकार उचलतात, पानाचा फोटो होता म्हणून पानाच्या आकाराचा दिवा करतात, आणि मग एवढ्या सगळ्या खटाटोपाचा काही उपयोग राहत नाही.

स्केचवरून लगेच जाड कागदाचं छोटं मॉडेल करता आलं तर फारच छान, कात्री हातात आहेच.

शेवटी चिकटवायचंच असेल तर

ठेवायचंच असेल तर चिकटवा, पण फोटो काढल्यानंतर. पातळ ओला गोंद टाळा, कागद पाणी पितो, फुगतो आणि सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक कडेपर्यंत लावायची, तुकडा एका बाजूने टेकवत न्यायचा आणि वर कोरा कागद ठेवून मधून बाहेरच्या दिशेने हाताने दाबायचं. रात्रभर जड पुस्तकाखाली. बास.

मार्क देताना कोलाज किती सुंदर झालंय हे बघू नका, हे मी शिक्षकांना कळकळीने सांगते. ज्याचा हात साफ आहे त्याला मार्क आणि ज्याने चार रचना मोडून पाचवी केली त्याला कमी, असं झालं की पुढच्या वेळी कुणीच मोडणार नाही. रचनांचे सगळे फोटो क्रमाने मागा, क्रियापदांची यादी मागा, ट्रेसिंग आणि स्केचेस मागा. या क्रमात विचार कुठे वळला ते दिसलं पाहिजे, मार्क त्याला.

कंप्युटरवर केलं तर

चालतं, पण दोन गोष्टी सांभाळा. सर्चमध्ये शब्द टाकून फोटो शोधले की तुम्ही टाइप केलेलंच परत मिळतं, मासिक चाळताना जे अनपेक्षित हाताला लागतं ते हरवतं. म्हणून मुलांना स्वतः काढलेले फोटो वापरू द्या, किंवा एकमेकांच्या फोनमधले दहा-दहा फोटो अदलाबदल करायला सांगा. दुसरं म्हणजे तुकड्यांवर मर्यादा, इथेही सात ते नऊच, आणि प्रत्येक रचना वेगळी सेव्ह करायची. एआयने बनवलेली इमेज कोलाजच्या जागी नको असं मला ठाम वाटतं, कारण ती जोड पुसून सगळं गुळगुळीत करून देते, आणि आपल्याला वाचायला जोडच तर हवे असतात. हां, एआयची इमेज प्रिंट काढून कात्रीने कापलीत तर तो एक तुकडा झाला, मग हरकत नाही.

वर्गातल्या सरावासाठी छापील फोटो कापणं वेगळं आणि ते कोलाज छापून विकणं किंवा स्पर्धेला पाठवणं वेगळं, तिथे मूळ फोटोच्या हक्कांचा प्रश्न येतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. माणसांचे फोटो कापतानाही जरा भान असू द्या, दुःखातल्या खऱ्या माणसाचा चेहरा म्हणजे नुसता पोत नव्हे.

वेळ कमी असेल, म्हणजे समजा दोनच तास मिळाले, तर जमवायला २० मिनिटं, तीन रचनांना ४०, वाचनाला ३०, ट्रेसिंग आणि स्केचला ३०. चिकटवणं पूर्ण गाळा. तुकडे एका पाकिटात भरून वर नाव लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात पाकिटांची आपसात अदलाबदल करून दुसऱ्याच ब्रीफवर परत सुरू करता येतं.